आवाजाची सत्यप्रत

गाण्यातील स्वर, शब्द आणि लय यांची चर्चा आपल्याकडे पुष्कळ होते. परंतु गाणे ज्या जागेत गायिले गेले ती जागा, आणि ज्या यंत्रातून ते आपल्या कानी आले ते यंत्र, या दोहोंचाही त्या गाण्यात वाटा असतो, याकडे मराठी समीक्षेचे लक्ष जावे तितके गेलेले नाही, असे आम्हांला वाटते. आता तर हे दोन्ही वाटे संगणकावर हुबेहूब बनविता येतात. गाद्या लावलेल्या भिंतींच्या आड, अगदी मुक्या खोलीत गायिलेला स्वर हवा तर एखाद्या घुमटाखाली नेता येतो, हवा तर कर्ण्याच्या ग्रामोफोनमधून काढता येतो. चित्रपटांत, जाहिरातींत, भक्तिगीतांत आणि मोबाइलवर ऐकल्या जाणाऱ्या असंख्य गाण्यांत हा प्रयोग सर्रास चालू आहे. तो कोठे कला ठरतो आणि कोठे नुसती बतावणी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आम्ही संगीतज्ञ नाही, अभियंतेही नाही. दिल्लीत केंद्र सरकारच्या एका कचेरीत कारकुनी करतो. तेव्हा या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार कोणता, असे वाचक विचारतील. अधिकार एवढाच, की नकलेचा व्यवहार आमच्या रोजच्या परिचयाचा आहे. नक्कल वाईट, असे सरकारी कचेरी कधी म्हणत नाही. नकलेवाचून तिचे पाऊल पुढे पडत नाही. ती एवढेच मागते, की ही कोणत्या मुळाची नक्कल, कोणी पडताळली, कोणत्या तारखेला पडताळली, हे तिच्यावर लिहिलेले असावे. ते लिहिले की तिला सत्यप्रत म्हणतात. तेच लपवून कोणी ती मूळ म्हणून पुढे केली, की तोच कागद बनावट ठरतो. अक्षरे दोहोंतही तीच असतात.

हा भेद ध्वनीलाही लावून पाहावा, असे आमच्या मनात येण्यास एक घरगुती प्रसंग कारण झाला. १९९४ साली आमच्या धाकट्या आत्याचे लग्न झाले. सातारा जिल्ह्यातील आमच्या जुन्या घरी, माजघरात, हळद दळण्यासाठी जाते मांडले होते. आजी आणि आत्या समोरासमोर बसल्या होत्या. दोघींचे हात एका खुंट्यावर होते आणि आजी ओव्या म्हणत होती. काकांनी टेपरेकॉर्डर शेजारच्या फडताळावर ठेवून वीसएक मिनिटांची कॅसेट भरली. आजी २००९ साली गेली. घर २०२२ साली विकले गेले आणि पाडले गेले. मागे कॅसेट राहिली. आमच्या एका चुलतभावाने हौसेने ती एका ध्वनिमुद्रणालयात नेली आणि तिचे दोन अवतार करवून आणले. पहिला ‘स्वच्छ’ केलेला, दुसरा ‘सजविलेला’. सजविलेल्यात आजीच्या आवाजाला देवळाच्या गाभाऱ्याचा घुमारा दिलेला होता, आणि सबंध वीस मिनिटे त्याखाली जुन्या तबकडीची खरखर वाजत होती.

आजीच्या आठवणीसाठी मंडळी जमली तेव्हा हा दुसरा अवतार लावला गेला. आत्याच्या डोळ्यांना पाणी आले. “किती जुनं वाटतंय रे! अगदी त्या काळातलं,” ती म्हणाली. खोटे कशाला बोला, आमचाही गळा दाटून आला. परंतु काही वेळाने आमच्या ध्यानात एक गोष्ट आली, आणि आम्ही तिला विचारले, “आत्या, यात जातं कुठं आहे गं?” ती क्षणभर ऐकत राहिली. मग हलकेच म्हणाली, “अगं बाई, खरंच की! आम्ही दळत होतो ना!”

आवाज स्वच्छ करणाऱ्या यंत्राने जात्याची घरघर हा कचरा समजून काढून टाकली होती. तिच्या जागी, जी तबकडी आजीने जन्मात कधी भरली नाही, तिची खरखर आणून बसविली होती. हा अन्याय नेमका कोणत्या प्रकारचा, हे शोधण्यासाठी आम्ही या कलेच्या मुळाशी गेलो.

बंद जागेत उच्चारलेला ध्वनी भिंतींवर, छतावर, माणसांच्या कपड्यांवर आपटून शेकडो वाटांनी कानाशी परत येतो आणि हळूहळू विरतो. सुटा ऐकू येणारा प्रतिध्वनी वेगळा. आम्ही म्हणतो ते हे विरत जाणे, म्हणजे अनुरणन. जागेचा हा गुण नाट्यशास्त्रकर्त्या भरताला पक्का ठाऊक होता. नाट्यगृह फार मोठे असले तर पाठ्य अस्पष्ट होते, म्हणून माणसांसाठी चौसष्ट हात लांब आणि बत्तीस हात रुंद असे मध्यम गृहच बरे, असे तो सांगतो. आणि आवाजाला गांभीर्य यावे म्हणून ते पर्वतातील गुहेसारखे, लहान झरोक्यांचे व निर्वात असावे, असेही सुचवितो. आधुनिक काळात या गुणाचे माप काढले ते हार्वर्ड विद्यापीठातील वॉलेस सॅबाइन यांनी. १८९५ साली तेथील एका व्याख्यानगृहात शब्द कळेनासे होत, म्हणून त्यांना उपाय विचारण्यात आला. शेजारच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या रात्री आणून, त्या कमीजास्त मांडून, ऑर्गनची नळी वाजवून आणि घड्याळ लावून त्यांनी ध्वनी विरण्याचा काळ मोजला. १९०० साली उघडलेले बॉस्टनचे सिंफनी हॉल हे या अभ्यासावर उभारलेले सभागृह होय.

मापानंतर नक्कल आली. १९४७ साली शिकागो येथे बिल पटनम या ध्वनिमुद्रकाने एका गीताला घुमारा देण्यासाठी मुद्रणालयाच्या न्हाणीघरात ध्वनिक्षेपक व मायक्रोफोन ठेवले. १९५७ साली जर्मनीत ईएमटी कंपनीने पोलादाचा मोठा पातळ पत्रा चौकटीत टांगून, तो थरथरवून, सभागृहाचा भास निर्माण करणारे यंत्र काढले. न्हाणीघर ही निदान खरी जागा होती. पत्र्यामागे कोणतीच जागा नव्हती. पण तो कोणत्या सभागृहाचे नावही सांगत नव्हता, म्हणून त्याला खोटे म्हणण्याचे कारण नाही.

खरी क्रांती १९९९ साली झाली. त्या वर्षी सोनी कंपनीने असे यंत्र आणले, की ज्यात प्रत्यक्ष अस्तित्वात असलेल्या सभागृहांची अनुरणने साठविलेली होती. २००१ साली नेदरलँड्समधील ऑडिओ ईझ या कंपनीने हेच काम साध्या संगणकावर करणारी ‘अल्टिव्हर्ब’ ही आज्ञावली काढली. हिची रीत ऐकण्यासारखी आहे. एखाद्या चर्चमध्ये किंवा गुहेत जाऊन फुगा फोडतात, किंवा खालच्या स्वरापासून वरच्या स्वरापर्यंत सरकत जाणारा एक ध्वनी वाजवितात, आणि त्या जागेने दिलेले उत्तर मुद्रित करतात. टाळीला मिळालेले ते जागेचे उत्तर म्हणावे. आता कोणताही आवाज म्हणजे अतिसूक्ष्म टाळ्यांची माळच असते. सीडीच्या हिशेबाने एका सेकंदात तसे ४४,१०० नमुने. त्यांतील प्रत्येकाला, त्याच्या बळाच्या प्रमाणात, ते सबंध उत्तर जोडावयाचे आणि सर्वांची बेरीज करावयाची. या गणिताला कन्व्होल्यूशन म्हणतात. बेरीज पूर्ण होताच मुक्या खोलीतील गायक त्या चर्चमध्ये उभा राहून गाऊ लागतो.

याच रीतीने यंत्रांचीही उत्तरे घेता येतात. त्याच कंपनीने २००७ साली ‘स्पीकरफोन’ ही आज्ञावली आणली. तीत टेलिफोन, वॉकीटॉकी, रेडिओ, ग्रामोफोन यांचे आवाज साठविलेले आहेत. आयझोटोप या अमेरिकन कंपनीची ‘व्हायनिल’ नावाची आज्ञावली तर फुकट मिळते. तीत धूळ किती, ओरखडे किती, तबकडी किती वाकलेली, हे सारे खुंट्या फिरवून ठरविता येते; १९३० पासूनची हवी ती कालखूणही निवडता येते.

एका दुकानात मिळणाऱ्या या दोन वस्तू एकाच जातीच्या आहेत, असे सकृद्दर्शनी वाटते. आमच्या मते त्यांत मूलगामी फरक आहे, आणि तो समजून घेण्यास आपले जुने काव्यशास्त्र उपयोगी पडते. नवव्या शतकात आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोक’ या ग्रंथात व्यंग्यार्थाचा एक प्रकार सांगताना अनुरणनाचाच दृष्टान्त दिला आहे. घंटेवर टोला पडतो आणि मागून तिचा निनाद लहरत येतो. तसा वाच्यार्थ आधी कळतो आणि त्याच्या मागून व्यंग्यार्थ उमटतो. या दृष्टान्तातील मर्म असे, की निनाद टोल्यावाचून येत नाही. टोला हलका तर निनाद हलका. टोला जोरकस तर निनादही भरदार.

जागेची नक्कल या कसोटीला उतरते. गायकाने स्वर चढविला तर ती जागा वेगळे उत्तर देते, तो थांबला तर तीही विरत जाऊन थांबते. ती आवाज ऐकते, असेच म्हणावयास हरकत नाही. ग्रामोफोनच्या कर्ण्याचा किंवा टेलिफोनचा जो स्थिर स्वभाव, म्हणजे काही स्वर दाबणे व काही उचलणे, तोही या रीतीने पकडता येतो. परंतु तबकडीवरचा ओरखडा आणि फितीचे डुगडुगणे या गोष्टी स्वभाव नव्हेत. त्या घटना आहेत. कोणा एका तबकडीवर कोणा एका दिवशी सुई घसरली, म्हणून तो ओरखडा उमटला. त्याचे गणित या बेरजेत बसत नाही. तो वरून आणून चिकटवावा लागतो. आजी गात असो वा श्वास घेत असो, खरखर आपली चालूच राहते. ती तिचे ऐकत नाही. टोल्याशिवाय लागलेला हा निनाद आहे, आणि म्हणून त्यातून निघणारा ‘जुनेपणा’ हा अर्थ व्यंग्य नसून वर डकविलेली चिठ्ठी आहे.

जागेची नक्कल किती मोलाची ठरू शकते, याची तीन उदाहरणे देतो. इस्तंबूलची हागिया सोफिया ही वास्तू ५३७ साली पूर्ण झाली. १९३० नंतरच्या दशकात तिचे संग्रहालय झाले, आणि तेथे गाण्यास मज्जाव होता. स्टॅनफर्ड विद्यापीठातील बिसेरा पेंचेवा व जोनाथन एबल यांच्या प्रकल्पासाठी २०१० साली तेथे फुगे फोडण्यात आले, आणि सुमारे अकरा सेकंद रेंगाळणारे त्या घुमटाचे अनुरणन हाती आले. त्याच्या आधारे कॅपेला रोमाना या गायकवृंदाने मध्ययुगीन बायझंटाईन स्तोत्रे गायिली. २०१९ साली त्यांचा ध्वनिसंग्रह निघाला. गाताना ते अनुरणन गायकांच्या कानी पडत होते, ही यातील विशेष गोष्ट. एक स्वर अकरा सेकंद रेंगाळत असेल तर पुढचा केव्हा लावावा, हे गळ्याला जागाच शिकविते. २०२० पासून ती वास्तू पुन्हा मशीद आहे. नक्कल आपल्या जागी शाबूत आहे.

दुसरे उदाहरण व्हेनिसच्या ला फेनीचे या नाट्यगृहाचे. २९ जानेवारी १९९६ रोजी ते जळाले. त्यापूर्वी थोड्याच काळ आधी लांबेर्तो ट्रोन्किन यांनी त्याची ध्वनिमापने घेऊन ठेवली होती, म्हणून जळालेले नाट्यगृह कसे ऐकू येत होते, याची साक्ष राहिली. डिसेंबर २००३ मध्ये ते नव्याने उघडले. तिसरे पॅरिसचे नोत्र-दाम. २०१३ साली ब्रायन कॅट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील अनुरणनाचे माप घेतले. १५ एप्रिल २०१९ रोजी आग लागून छत कोसळले. डिसेंबर २०२४ मध्ये दारे पुन्हा उघडली. मधल्या साडेपाच वर्षांत ते कॅथीड्रल कानांपुरते या मापांतच उभे होते. या तिन्ही ठिकाणी नकलेवर मुळाचे नाव आहे, तारीख आहे, माप घेणाऱ्याचे नाव आहे. कचेरीच्या भाषेत या सत्यप्रती होत.

या प्रतींनाही मर्यादा आहे, हे सांगितले पाहिजे. फुगा जेथे फुटला आणि मायक्रोफोन जेथे ठेवला, त्या दोन बिंदूंमधील ते उत्तर असते. सबंध वास्तू त्यात नसते. विजापूरच्या गोलघुमटाच्या सज्जात एका बाजूला कुजबुजलेले समोरच्या बाजूस स्पष्ट ऐकू येते, आणि खाली फरशीवर उभ्या असलेल्यास तसे येत नाही. कोणत्या एका मापाला गोलघुमट म्हणावे? रिकाम्या सभागृहाचे माप भरलेल्या सभागृहाला लागू पडत नाही, हे सॅबाइन यांच्या गाद्यांनी फार पूर्वीच सिद्ध केले आहे. परंतु मर्यादा असणे निराळे आणि फसवणे निराळे.

जुन्या यंत्रांची प्रत्येक नक्कल त्याज्य आहे, असेही आमचे म्हणणे नाही. श्रुतिकेत एक पात्र टेलिफोनवरून बोलते तेव्हा त्याचा आवाज ३०० ते ३,४०० कंपनांच्या अरुंद पट्ट्यात दाबून ऐकवितात, आणि दूरत्व क्षणात कळते. शेजारच्या घरातील रेडिओ भिंतीपलीकडून ऐकवावयाचा तर तीच युक्ती. भरताच्या परिभाषेत ही नाट्यधर्मी आहे. दाढी चिकटवलेली आहे हे नटाला ठाऊक आणि प्रेक्षकालाही ठाऊक. संकेत उघड असल्यामुळे येथे कोणी कोणाला फसवीत नाही.

आक्षेप आहे तो निराळ्या प्रकाराला. गेल्या काही वर्षांत ‘स्लोड अँड रिव्हर्ब’ या नावाखाली चांगली गाणी मंद करून, अनुरणनात बुडवून, वर खरखर शिंपडून ऐकविण्याची प्रथा पडली आहे; जुन्या हिंदी चित्रगीतांचीही त्यातून सुटका नाही. रात्री एकट्याने ऐकणाऱ्या तरुणांना त्यातून दिलासा मिळतो, हे आम्ही जाणतो. आमच्या कचेरीतील नव्या मुलांच्या कानांतही तीच गाणी असतात. पण गाणे कोणतेही असो, भाव एकच निघतो: काहीतरी हरवले आहे. काय हरवले, ते कळत नाही. कारण त्या धुक्याला जागेचे नाव नाही आणि त्या खरखरीला सालाचा आधार नाही. जो विषाद प्रत्येक गाण्याला सारखाच लागू पडतो, तो कोणत्याच गाण्याचा नसतो.

ज्या पिढ्यांनी ती यंत्रे प्रत्यक्ष वापरली त्यांना ही खरखर ऐकवली असती तर त्यांनी कपाळाला हात लावला असता. जुन्या तबकडीत लाखेबरोबर दगडाची भुकटी मिसळलेली असे आणि पोलादी सुई तीवर घासत जाई. खरखर ही त्या काळाची अडचण होती, हौस नव्हे. टेपवरचा सुस्कारा घालविण्याची युक्ती ज्यांनी काढली ते रे डॉल्बी १९६३ ते १९६५ या काळात युनेस्कोचे सल्लागार म्हणून भारतात होते. येथून गेल्यावर त्यांनी १९६५ साली लंडनला आपली प्रयोगशाळा काढली. त्यांनी जे घालविण्यात कीर्ती मिळवली, ते परत घालण्यासाठी आज लोक पैसे मोजतात. आणि जुन्या माणसांना मुद्रेचे महत्त्व कळत नव्हते असेही नाही. नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यास गौहरजान यांनी तबकड्या भरल्या, तेव्हा गाणे संपताच त्या स्वतःचे नाव मोठ्याने उच्चारीत. त्या खरखरीखाली तो आवाज आजही आपली ओळख पटवतो. त्या तबकडीची खरखर तिची स्वतःची आहे. सव्वाशे वर्षांत ती कोठे कोठे वाजली, त्याचा तो हिशेब आहे.

आता पुन्हा आजीच्या कॅसेटकडे वळतो. तिच्यावर झालेला अन्याय दुहेरी होता. माजघराला गाभारा करण्यात तिची जागा बदलली गेली. सारवलेल्या जमिनीच्या आणि मातीच्या भिंतींच्या त्या खोलीत घुमारा असा नव्हताच. आवाज जवळचा, कोरडा, पदराला पुसल्यासारखा येई. ओवी ही अशाच जागेची आहे. ती समोर बसलेल्या बाईला सांगावयाची असते, देवळाला नव्हे. दुसरे, जाते काढून टाकल्याने ओवीचा आधारच गेला. जात्याचा फेरा पूर्ण होतो तेथे ओवीचा चरण विसावतो. ती घरघर वेगळी केल्यावर आजी मध्येच का थांबते आणि पुन्हा का उचलते, याला काही कारणच उरत नाही. ऐकणाऱ्याला वाटते, म्हातारीला दम लागला असावा.

सुदैवाने मूळ कॅसेट परत आली होती. आम्ही ती एका स्नेह्याकडे नेऊन जशीच्या तशी उतरवून घेतली आणि आत्याला पाठविली. तीत फितीचा सुस्कारा आहे, कोणाची तरी सांडशी पडते, दूर रस्त्यावर एस. टी.चा हॉर्न वाजतो आणि जाते अखंड फिरते. आत्याने रात्री फोन केला. “मध्ये एकदा जातं अडतं बघ,” ती म्हणाली. “तिथं माझा हात निसटला होता. आई हसली होती. हसलेलं आलंय.” स्वच्छ केलेल्या प्रतीत ते हसू नव्हते. यंत्राला ते घरघरीपासून वेगळे करता आले नसावे.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणा वाचकांना हे विवेचन अधिक जवळचे वाटेल, अशी आमची अपेक्षा आहे. आपल्यापैकी अनेकांजवळ गावाकडचे घर आता आवाजाच्याच रूपाने उरले आहे, आणि ‘जुने वाटते’ एवढ्यावर आपण फार लौकर समाधान मानतो. तेव्हा अशी एखादी फीत कोणाजवळ असल्यास ती प्रथम आहे तशी उतरवून घ्यावी. स्थळ, साल आणि बोलणाऱ्याचे नाव तीवर लिहून ठेवावे. सजावट करावयाची असेल तर ती दुसऱ्या प्रतीवर करून तीवर तसे नमूद करावे. आणि ज्यांचे घर अद्याप उभे आहे त्यांनी पुढच्या खेपेस माजघराच्या मधोमध उभे राहून, मोबाइल चालू करून, एक टाळी वाजवावी. आमच्या घराची ती टाळी राहून गेली. आजीच्या ओव्यांमागे त्या खोलीचे जे काही उत्तर चुकून टिपले गेले, तेवढ्यावरच आता आमची भिस्त आहे.